कमी दिवसांचे बाळ घरी आले आहे. आता आम्हा दोघांनाच सावरता येत नाही

प्रश्न – कुर्ल्याचा बाबा

नमस्कार. बाळांचा आहार, लसी, वजन यांविषयी येथे झालेली बरीच चर्चा मी वाचली आहे. माझा प्रश्न बाळाविषयी नाही. तो बाळाच्या आईविषयी आणि थोडा माझ्याविषयी आहे, म्हणून विचारावा की नाही यातच एक आठवडा गेला.

आमची मुलगी 29 व्या आठवड्यात जन्मली. पत्नीचा रक्तदाब एकाएकी वाढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली, आणि संध्याकाळी नेहमीच्या तपासणीसाठी गेलेली ती रात्री साडेअकराला शस्त्रक्रियागृहात होती. डोहाळेजेवण त्याच रविवारी ठरले होते. हिरवी साडी फॉल-पिकोला दिलेली होती. ती आणायलाही पुढे कुणी गेले नाही. मुलीचे वजन 1,140 ग्रॅम भरले आणि त्यानंतरचे 52 दिवस ती मध्य मुंबईतील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत होती. पत्नीला सहाव्या दिवशी घरी सोडले. बाळंतीण रिकाम्या ओटीने जिना चढून घरी आली. आई-वडिलांना भेटायची वेळ सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास होती, तीही एका वेळी एकालाच.

रोज सकाळी घरी काढून ठेवलेले दूध थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये घालून मी कुर्ल्याहून दादरला लोकलने नेत असे. पहिल्या आठवड्यात त्यातले सगळे दूध एकत्र केले तरी चहाचा अर्धा कप भरला नसता. एकदा गर्दीत एका गृहस्थांनी "द्या, वर ठेवतो" म्हणून हात पुढे केला, तर मी त्यांच्यावर इतक्या जोराने ओरडलो की आख्खा डबा माझ्याकडे वळून पाहू लागला. मी स्वभावाने ओरडणारा माणूस नाही.

आता मुलगी चार महिन्यांची आहे, वजन साडेतीन किलोच्या पुढे गेले आहे आणि डॉक्टर समाधानी आहेत. समाधानी नाही ती तिची आई. रात्री दर अर्ध्या तासाने उठून ती मुलीच्या नाकाखाली बोट धरते. औषधाच्या दुकानातून तिने रक्तातला ऑक्सिजन मोजणारे, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणले आहे. ते ती मुलीच्या पावलाला लावते, आकडा 84 दिसला की तिचे हातपाय गार पडतात, आणि असे दोनदा रात्री दोन वाजता टॅक्सी करून आम्ही रुग्णालय गाठले आहे. दोन्ही वेळा मुलगी उत्तम होती. पत्नी माझ्या आईला मुलीला उचलू देत नाही, मलाही क्वचितच देते. मजल्यावरच्या बायका "अजून हसत नाही का? मान कधी धरणार?" असे विचारतात, म्हणून तिने दार उघडणेच बंद केले आहे. कुणाशी तरी बोलून पाहू, असे मी सुचवले, तर "मला वेड लागले आहे असे म्हणायचे आहे का?" या प्रश्नावर ते बोलणे संपले.

माझे म्हणाल तर मी दहाव्या दिवसापासून कामावर जातो आहे. रात्री झोप लागते. मात्र मेट्रोचे दार बंद होताना जो आवाज होतो, तो कानावर पडला की मान आपोआप वर जाते आणि नजर अतिदक्षता विभागातल्या पडद्यावरचा आकडा शोधू लागते. हे सगळे नेहमीचे आहे का? किती दिवस वाट पाहावी? आणि पत्नीशी हे बोलायचे तरी कसे?

(पत्नी एका खाजगी कंपनीत नोकरीला आहे, तिची रजा आणखी दोन महिन्यांनी संपेल. हीही एक धास्ती आहेच.)


उत्तर – दोन पिल्लांची आई, डोंबिवली

दादा, तुम्ही विचारलेत हे फार बरे केलेत. आमची जुळी मुले सहा वर्षांपूर्वी 30 व्या आठवड्यात झाली. मुलगा 1,310 ग्रॅमचा आणि मुलगी 1,180 ग्रॅमची. आज दोघेही पहिलीत आहेत आणि घर डोक्यावर घेतात. तरीही तुमच्या पत्नीचे नाकाखाली धरलेले बोट वाचताना माझेच बोट मला आठवले.

आधी शेजारणींचा प्रश्न निकालात काढू, कारण तो सर्वांत सोपा आहे आणि त्याचाच त्रास सर्वांत जास्त होतो. तुमची मुलगी जन्मतारखेने सुमारे 17 आठवड्यांची आहे. ती 40 ऐवजी 29 आठवड्यांतच आली, म्हणजे 11 आठवडे आधी आली. 17 मधून 11 वजा केले की 6 उरतात. हसणे, मान धरणे, पालथे पडणे या सगळ्या गोष्टी या 6 आठवड्यांच्या हिशेबाने पाहायच्या असतात. डॉक्टर याला सुधारित वय म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब धरतात. सहा आठवड्यांचे बाळ जेमतेम हसायला लागलेले असते, मान तर पुष्कळ पुढची गोष्ट आहे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, तेथे हे वजाबाकीचे गणित लावू नका. मी ही वजाबाकी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावली होती. ती पाहुण्यांसाठी आहे असे मी सगळ्यांना सांगत असे, पण खरे तर ती माझ्यासाठी होती.

आता अवघड गोष्ट. बाळ आधी आले की आईच्या मनात एक फौजदारी खटला सुरू होतो आणि त्यात आरोपी, वकील आणि न्यायाधीश तीच असते. मी सातव्या महिन्यापर्यंत डोंबिवली फास्टने उभ्याने प्रवास केला म्हणून असे झाले, जिने चढले म्हणून झाले, पपई खाल्ली म्हणून झाले, असे मी वर्षभर मानत होते. तुमच्या पत्नीला झाला तो गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार. त्याचे मूळ वार (गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव) नीट रुजण्याच्या प्रक्रियेत असते, लोकलमध्ये किंवा जिन्यावर नसते. हे तिला तुम्ही सांगून पटणार नाही. ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडून, एक वेळ ठरवून, दोघांनी समोर बसून ऐका. आम्ही तसे आठ महिन्यांनी केले. डॉक्टरांची ती वीस मिनिटे मला पुढच्या कितीतरी सल्ल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

दुधाच्या डब्याविषयी थोडेसे. यंत्राने दूध काढणे हे काम बाहेरच्या माणसाला दिसते त्यापेक्षा फार एकाकी असते. दिवसरात्र मिळून आठ वेळा, त्यात पहाटे तीनचा गजर, कुशीत बाळ नाही, समोर फक्त बाळाचा मोबाइलवरचा फोटो. मला दोघांना पुरेल एवढे दूध पहिल्या पंधरवड्यात आले नाही आणि दुग्धपेढीतले, म्हणजे इतर मातांनी दान केलेले, दूध द्यावे लागले, तेव्हा मी हरल्यासारखी रडले. पुढे कळले की आशियातली पहिली मातृदुग्धपेढी आपल्याच मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि ती नेमकी अशाच बाळांसाठी होती. तिसऱ्या महिन्यात माझे दूध जास्त होऊ लागले, तेव्हा मीही एका पेढीला दिले. तो दिवस मला मुलांच्या बारशापेक्षा अधिक स्पष्ट आठवतो.

एक विनंती. "आता सगळे ठीक आहे, डॉक्टरांनी सांगितले ना" हे वाक्य कृपया तिच्यासमोर बोलू नका. माझे यजमान तेच म्हणत, आणि दर वेळी मला वाटे की त्या खोलीत घाबरलेली मी एकटीच उरले आहे.


उत्तर – निवृत्त परिचारिका, परळ

मी 31 वर्षे महापालिकेच्या रुग्णालयात काम केले, त्यातली 19 वर्षे नवजात विभागात. ऑक्सिमीटरपासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरातली निम्मी भीती त्या यंत्रातून येते आहे, असे मला दिसते.

दुकानात मिळणारे चिमट्याचे ऑक्सिमीटर मोठ्या माणसाच्या बोटासाठी बनवलेले असते. तान्ह्या बाळाच्या पावलावर ते नीट बसत नाही, बाहेरचा उजेड आत शिरतो, बाळ पाय झाडते आणि आकडा घसरतो. आम्ही रुग्णालयात बाळाला वापरायचो ती पट्टी वेगळी असते, आणि तीसुद्धा सैल झाली की दिवसातून पन्नास वेळा खोटा गजर करते. नव्या मुलींना आम्ही पहिल्याच दिवशी शिकवायचो की गजर झाला की आधी बाळाकडे पाहायचे, मग यंत्राकडे. ओठ गुलाबी आहेत का, छाती हलते आहे का, अंगात ताकद आहे का? लहान बाळे मधूनच पाच-दहा सेकंद श्वास थांबवतात आणि पुन्हा भराभर घेतात. ते त्यांच्या वयाला साजेसे असते. 20 सेकंदांहून जास्त श्वास थांबणे, ओठ किंवा जीभ निळी पडणे, अंग ढिले पडणे, दूध ओढेनासे होणे, अंग गार लागणे, यांपैकी काहीही दिसले तर अर्ध्या रात्री टॅक्सी करायची आणि कुणाला विचारत बसायचे नाही. मात्र ते यंत्र तिच्या नकळत फेकून देऊ नका. पुढच्या तपासणीला बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर त्यांच्या यंत्राशी ताडून पाहा. आकड्यांतला फरक तिच्या डोळ्यांनी पाहिला की ती स्वतःच ते बाजूला ठेवील.

आता जरा रागाने लिहिते. आई-वडिलांना दिवसातून अर्धा तास भेटू देणे ही पद्धत जंतुसंसर्गाच्या नावाखाली वर्षानुवर्षे चालत आली आहे. हात धुवून, स्वच्छ कपडे घालून आत आलेली आई ही धोका नाही, ती उपचाराचा भाग आहे, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणे, कोलंबियातील बोगोटा येथे 1978 साली डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी सुरू केली, ती पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. ती गरिबांची तडजोड आहे असेच पुष्कळ दिवस मानले गेले. 2021 साली पाच देशांतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. 1 किलो ते 1.8 किलोच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी ठेवले, तर स्थिर होईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले, असे त्यात दिसले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुदतपूर्व बाळांसाठीच्या शिफारशी नव्याने दिल्या आणि त्यांत कुटुंबाला बाळाच्या देखभालीत सामील करून घेणे आणि कुटुंबाला आधार देणे यांचाही समावेश केला. आपल्या केंद्र सरकारने तर 2017 सालीच नवजात विभागांत कुटुंबाच्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. सूचना कागदावर आहेत. काही ठिकाणी त्या उत्तम पाळल्या जातात, आणि काही ठिकाणी रखवालदार आईला घड्याळ दाखवतो.

आमच्या विभागात जागा कमी, बाळे जास्त, अशी अवस्था असे, पण त्यामुळेच आम्ही आयांना कामाला लावत असू. नळीने दोन मिलिलीटर दूध द्यायचे असले तरी ती सिरिंज आईच्या हातात धरायला देत असू. लंगोट तिने बदलायचा, वजनाची नोंद तिने वाचायची. ज्या आईला पहिल्या आठवड्यात असे काम मिळे, तिचा चेहरा आणि जिला नुसता धीर मिळे तिचा चेहरा, यांतला फरक मला दाराशी उभे राहून सांगता येई. तुमच्या पत्नीला ते 52 दिवस हे काम मिळालेच नाही. आता ती ते सगळे एकदम, रात्री, एकटीने करते आहे. तिच्या हातून बाळ काढून घेऊ नका, पण तिच्या शेजारी कामाला बसा.

आणि हे तुम्हाला लागू आहे, बाबा. कांगारू पद्धत वडिलांनाही येते. तुमच्या मुलीचे वजन आता इतके झाले आहे की तिला उबेसाठी त्याची गरज उरलेली नाही, पण रोज रात्री तासभर शर्टाची बटणे काढून तिला छातीशी घ्या. एक अट मात्र पाळा: तुम्ही टक्क जागे असले पाहिजे. तिला छातीवर घेऊन सोफ्यावर किंवा पलंगावर झोपी जाणे धोक्याचे आहे. डोळा लागतो आहे असे वाटले की तिला तिच्या अंथरुणात, पाठीवर, उशीशिवाय ठेवायचे.


उत्तर – ठाण्याचा हिशेबनीस

भावनिक बाजू इतरांनी लिहिली आहे, मी फक्त रजा आणि पैसे यांविषयी लिहितो, कारण आमच्या घरी भांडणे त्यावरूनच झाली.

मातृत्व लाभाच्या तरतुदींनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि त्यातली जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. तुमच्या पत्नीला ती आधी घेण्याची वेळच आली नाही, म्हणून 26 आठवडे प्रसूतीपासूनच मोजले जातील. 17 गेले, 9 उरले. याशिवाय गरोदरपण, प्रसूती किंवा मुदतपूर्व जन्म यांतून उद्भवलेल्या आजारासाठी, पुरावा दिल्यास, आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे. ही गोष्ट मनुष्यबळ विभागातल्या लोकांनाही पुष्कळदा माहीत नसते. आम्हाला तर "असे काही नसते" असेच तोंडी उत्तर मिळाले होते. लेखी अर्ज करा, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा आणि उत्तर लेखीच मागा. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, तेही विचारून ठेवा.

वडिलांच्या बाबतीत परिस्थिती केविलवाणी आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 15 दिवस मिळतात. खाजगी क्षेत्रात सगळे कंपनीच्या मर्जीवर असते. मी चार दिवस रजा घेतली आणि उरलेला दीड महिना विभागाबाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन काढला. तेव्हा त्याचे कौतुक झाले. आज मला वाटते की त्यात कौतुकासारखे काही नव्हते.

विम्याची पॉलिसीही एकदा पुन्हा वाचा. नोकरीतल्या गटविम्यात पुष्कळदा पहिल्या दिवसापासून बाळ धरलेले असते, मात्र अनेक वैयक्तिक पॉलिसींत ते 90 दिवसांनंतरच धरतात. बिलाची रक्कम घरात मोठ्याने उच्चारू नका, हा शेवटचा सल्ला. मी एकदा उच्चारली होती. त्यावर पत्नी म्हणाली, "म्हणजे ही माझ्यामुळे झालेली रक्कम." ते वाक्य पुसायला मला फार दिवस लागले.


उत्तर – समुपदेशक, विलेपार्ले

मी प्रसूतीनंतरच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. न पाहता कुणाचेही निदान करणे योग्य नाही, म्हणून जे लिहिते ते दिशा दाखवण्यापुरतेच समजावे.

बाळंतपणानंतरची हळवी रडू येणारी अवस्था बहुसंख्य स्त्रियांना येते आणि ती साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. तुम्ही सांगितलेली अवस्था चार महिन्यांनंतरची आहे, त्यामुळे आणखी वाट पाहण्याचे कारण नाही. भारतातील अनेक अभ्यास एकत्र करून 2017 साली काढलेल्या अनुमानानुसार सुमारे 22 टक्के मातांना प्रसूतीपश्चात नैराश्य येते; ज्यांचे बाळ अतिदक्षता विभागात राहिलेले असते त्यांना हा धोका याहून अधिक असतो. मात्र तुमच्या वर्णनात मला उदासीपेक्षा भीती अधिक दिसते. सतत पहारा, झोप न येणे, दार न उघडणे, इतर कुणावर विश्वास न टाकणे, हे एखाद्या मोठ्या आघातातून गेलेल्या माणसाचे वागणे असते. अपघातातून वाचलेल्याला असे वागण्याची मुभा आपण सहज देतो. बाळ सुखरूप घरी आले की आईने मात्र फक्त आनंदी असावे, अशी आपली अपेक्षा असते. शिवाय असे पुष्कळदा घरी आल्यानंतरच उफाळून येते, कारण विभागात असताना माणूस फक्त पुढचा तास निभावत असतो. आणि घरात पहारा द्यायला दुसरे कुणी नसते.

तुमच्या मेट्रोच्या आवाजाचे मूळही तेथेच आहे. रात्री झोप लागते म्हणून तुम्ही स्वतःला वगळू नका. वडिलांमध्ये हे दुःख पुष्कळदा चिडचिड, कामात बुडून जाणे किंवा गर्दीत एखाद्या परक्यावर ओरडणे, असा वेष घेऊन येते.

बोलायचे कसे, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की "तू कुणाला तरी दाखवून घे" याऐवजी "मला त्रास होतो आहे, माझ्याबरोबर चल" असे म्हणा. ते खोटेही नाही. भेटीत एडिंबरा नावाची 10 प्रश्नांची साधी प्रश्नावली भरून घेतली जाऊ शकते. ती 1987 पासून वापरात आहे आणि त्यात वेडाचा उल्लेखही नाही. औषधे लागली तर दूध बंद करावे लागेल, या भीतीने अनेक जणी येतच नाहीत. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे आहेत आणि ती मानसोपचारतज्ज्ञ बाळाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतात. अनेकदा नुसत्या बोलण्याच्या उपचारांनीही पुष्कळ फरक पडतो. बाहेर जाणे जड वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनाशुल्क उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

एकच गोष्ट निकडीची म्हणून सांगते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, दिवसेंदिवस अजिबात झोप न लागणे, भास होणे, बाळ आपले नाही किंवा कुणी ते बदलले आहे अशी ठाम समजूत, यांपैकी काही दिसले तर तो त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आहे. तुमच्या लिहिण्यात तसे काही दिसत नाही, तरी माहीत असावे.


उत्तर – गिरगावची आजी

सुनेने हे वाचायला दिले, म्हणून चार ओळी लिहिते. माझी नात 32 व्या आठवड्यातली आहे. तेव्हा मी काय काय केले नाही ते विचारू नका. पाचवीची पूजा रुग्णालयाच्या जिन्याखाली उरकायचा हट्ट धरला, बाळगुटीची बाटली पिशवीत घालून नेली, आणि सुनेच्या देखत म्हणाले, "सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही." हे मी लहानपणापासून ऐकलेले. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून शांतपणे सांगितले की आजी, हे साफ उलटे आहे, पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाच्या कामी येतो. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी सुनेला तोंड दाखवले नाही.

तुमच्या आईंना सांगा की उचलायला बाळ मिळाले नाही तरी चालेल, बाळंतिणीला उचला. मी पुढे तेच केले. अळिवाचे लाडू, गरम भाकरी, तिचे डोके चोळून देणे, आणि नातेवाइकांचे फोन मी घेणे. "आज किती ग्रॅम?" असे विचारणाऱ्यांना मी सांगत असे की सुनेचे वजन विचारा, तेही घटले आहे. तीन आठवड्यांनी सुनेने स्वतः नात माझ्या मांडीवर ठेवली आणि आंघोळीला गेली. मी हललेसुद्धा नाही.


प्रश्नकर्ता – कुर्ल्याचा बाबा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण मधल्या काळात काही गोष्टी घडल्या.

मी हे पान पत्नीच्या हाती दिले नाही. डोंबिवलीच्या ताईंची वजाबाकी तेवढी कागदावर लिहून फ्रिजवर लावली, खाली माझी सही केली आणि कामावर गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा तिने त्याच कागदावर पुढच्या तीन महिन्यांचे आठवडे आखलेले होते, आणि मग हे कुणी सांगितले असे तिनेच विचारले. त्या रात्री तिने सगळे वाचले. आजींचे उत्तर तिने दोनदा वाचले. माझ्या आईला ते मोठ्याने वाचूनही दाखवले, त्यावर आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मजल्यावरच्या एका बाईंना दारातच तिने "नात सहा आठवड्यांची आहे हो, घाई कसली?" असे सुनावलेले मी आतून ऐकले.

सिस्टर, ऑक्सिमीटर आम्ही बरोबर नेले होते. डॉक्टरांच्या यंत्रावर 98 आणि आमच्यावर 87, एकाच वेळी, एकाच पायावर. पत्नीने ते फेकले नाही, पण त्यातल्या बॅटऱ्या काढून मला दिल्या. नाकाखाली बोट धरणे थांबलेले नाही. रात्री दहा ते दोन मी मुलीजवळ जागा असतो आणि त्या वेळेत पत्नी दुसऱ्या खोलीत झोपते. पहिल्या रात्री ती चार वेळा उठून आली, काल एकदा. शर्टाची बटणे काढून मुलीला छातीशी घेतले तेव्हा पहिले दहा मिनिटे ती रडली आणि नंतर मी. लोकलमधल्या त्या गृहस्थांची माफी मागायची राहिली आहे. रोज त्याच डब्यात चढतो, अजून दिसले नाहीत.

हिशेबनीस साहेब, अर्ज लेखी दिला आहे, पोचही घेतली आहे, उत्तर यायचे आहे. 14416 वर मी स्वतःसाठी फोन केला. सुरुवातीला काय बोलावे ते सुचेना, म्हणून मी मुलीचे वजन सांगू लागलो. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "ते नंतर सांगा, तुम्ही जेवलात का?" त्यानंतर पाऊण तास बोललो. पत्नी शेजारच्या खोलीत होती, दार उघडे होते. नंतर तिने एवढेच विचारले, की त्या बाई पुन्हा त्याच मिळतात का, की दर वेळी वेगळे कुणी असते. मी म्हणालो, ते माहीत नाही, पण प्रत्यक्ष भेटता येईल अशा कुणाकडे जायचे असेल तर मी वेळ घेतो. तिने नाही म्हटले नाही. बुधवारी मुलीची वाढ-विकासाची तपासणी आहे, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर समुपदेशक बसतात. दुपारी साडेतीनची वेळ आम्हा दोघांच्या नावाने घेतली आहे, आणि त्या वेळेत मुलगी आईच्या मांडीवर असेल, म्हणजे माझ्या आईच्या.